सलाईननं बरं वाटलं म्हणून पोटाचाच बिघाड?

"सलाईन लावलं की आमची कुत्री तरतरीत होते, म्हणजे पोटाचाच बिघाड" असं इथे एकानं लिहिलंय, ते मला पटत नाही. हा ॲडिसन्सही असू शकतो, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉलसारखी गरजेची संप्रेरकं पुरेशी बनवत नाहीत तो आजार. त्यात रक्तातलं सोडियम घटतं, पोटॅशियम वाढतं. सलाईन तेच तात्पुरतं सावरतं आणि मूळ आजार झाकला जातो. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर रक्तातले क्षार बघा, एसीटीएच चाचणीबद्दल (ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात का ते बघणारी रक्तचाचणी) विचारा. त्याआधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर नक्की सांगा, कॉर्टिसॉलचा आकडा चुकतो.

आमच्या कुत्रीला हाच आजार आहे. ठाण्यात दिवाळीचे फटाके सुरू झाले की डॉक्टर तेवढ्यापुरता स्टेरॉइडचा डोस वाढवतात, कारण ताणात लागणारं जादा कॉर्टिसॉल तिचं शरीर बनवू शकत नाही. माझ्या आत्यालाही हाच आजार आहे, तिलाही ताप आला की स्टेरॉइडची गोळी वाढवावी लागते. उलटीमुळे गोळी टिकतच नसेल तर थेट हॉस्पिटल, इंजेक्शनसाठी.