विषय: [मंडळ-चर्चा] आईच्या फोनवर आलेलं ‘आरटीओ चलान’

प्रेषक: स्मिता, वुडलँड्स

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. नाशिकला आईच्या व्हॉट्सॲपवर काल सोसायटीतल्या एका काकांच्या नंबरवरून ‘आरटीओ ई-चलान’ नावाची फाईल आली. बाबांच्या स्कूटरचा दंड असेल म्हणून तिने ती उघडली आणि फोन जे जे विचारत गेला त्याला ‘अलाऊ’ करत गेली. पुढे काहीच दिसेना, म्हणून तिने फोन ठेवून दिला. आज सकाळपासून नातेवाईक तिलाच विचारताहेत, तुम्ही आम्हाला चलान का पाठवलंत? खात्यातले पैसे अजून आहेत. ते खातं आम्हा दोघींच्या नावावर आहे. सिंगापूरहून मला काय करता येईल?

स्मिता

---

प्रेषक: मिलिंद, टँपिनीस

स्मिता, आधी एवढं कर.

आईच्या फोनमधलं सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालायला सांग, आणि तिच्या फोनचं वायफाय बंद कर. ती फाईल म्हणजे खरं तर ॲप आहे, आणि ते आता तिचे एसएमएस वाचतंय, म्हणजे ओटीपीही वाचतंय. मग बाबांच्या फोनवरून बँकेला फोन लावायचा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, गुगलवर शोधू नका. तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड, तिन्ही थांबवायला सांगायचं आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. पैसे हललेले दिसले तर त्याच मिनिटाला १९३०, ही भारताची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. फोन बाबांनीच करायचा, तू इथून लावत बसू नकोस. तू सहखातेदार आहेस, तेव्हा तुझ्या लॉगिनमधून ट्रान्सफरची मर्यादा खाली आणता येते का ते लगेच बघ.

सिम दुसऱ्या फोनमध्ये गेलं की ##००२# डायल करा. चोराने आईचे कॉल स्वतःकडे वळवले असतील, तर ते कॉल फॉरवर्डिंग नेटवर्कवर लावलेलं असतं, फोन बदलला तरी तसंच राहतं. या कोडने ते रद्द होतं.

मिलिंद

---

प्रेषक: स्मिता

मिलिंददादा, खूप आभार. बँकेने सगळं गोठवलंय, पैसे वाचलेत. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर बाबांनी तक्रारही नोंदवली. पण आईच्या फोनवर त्या ॲपचं चिन्हच दिसत नाही. आणि मला एक कळत नाही: एक फाईल उघडल्याने इतकं सगळं कसं होतं?

---

प्रेषक: मिलिंद, टँपिनीस

> एक फाईल उघडल्याने इतकं सगळं कसं होतं?

नुसती फाईल उघडल्याने होत नाही, आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाईल म्हणजे अख्खं ॲप, प्ले स्टोअरला वळसा घालून आलेलं. ते पैसे चोरतं ते आपण दिलेल्या परवानग्यांवर. त्यातल्या दोन जीवघेण्या. एक एसएमएस वाचण्याची. दुसरी ॲक्सेसिबिलिटीची: ही सोय दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवण्यासाठी आहे, पण ज्या ॲपला ती मिळते ते स्क्रीनवरचं सगळं वाचतं आणि आपल्या जागी बटणंही दाबतं. मग बँकेचं ॲप कितीही सुरक्षित असो, हात चोराचे असतात.

लक्षात घे, फाईल ओळखीच्या माणसाकडून आली. त्या काकांचा फोन आधी बळी पडला, मग आईचा. ‘अनोळखी नंबरवरचं उघडू नका’ ही शिकवण इथे निकामी ठरते. लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या एपीकेचंही हेच.

सिंगापूरने हे २०२३ मध्ये भोगलंय. फेसबुकवर स्वस्त मासळी, घरसफाई, मूनकेक यांच्या जाहिराती यायच्या. चौकशी केली की ‘ऑर्डरसाठी आमचं ॲप घ्या’ म्हणून एपीके. पोलिसांच्या आकड्यांप्रमाणे त्या वर्षी सुमारे १,९०० प्रकरणं झाली आणि किमान ३.४१ कोटी सिंगापूर डॉलर गेले. ऑगस्टमध्ये इथल्या ओसीबीसी बँकेने फोनवर असं बाहेरचं, धोकादायक परवानग्या घेतलेलं ॲप सापडलं तर आपलं बँकिंग ॲप उघडूच द्यायचं नाही असं ठरवलं. लोक चिडले, पण मला तो निर्णय पटला होता. नोव्हेंबरमध्ये इथल्या बँकांचं मनी लॉक आलं: कुलूप लावलेली रक्कम फोनवरून हलवता येत नाही, सोडवायला शाखेत किंवा एटीएमवर जावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने अशा ॲपची स्थापनाच रोखणारी प्ले प्रोटेक्टची (अँड्रॉइड फोनमधल्या गुगलच्या ॲप-तपासणीची) सोय आधी इथे आणली, मग भारतात नेली.

आईच्या फोनवर सेटिंगमधली ॲप्सची पूर्ण यादी बघ. चिन्ह लपवलं तरी नाव तिथे असतं. काढू देत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी (ही असली की ॲप काढता येत नाही) आधी काढ, तरीही हटलं नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरची ॲप्स बंद ठेवून फोन सुरू करून, काढ. माझं मत विचारशील तर फोटो बाजूला काढून फॅक्टरी रीसेटच करा, म्हणजे फोन पूर्ण पुसून टाका. सगळे पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला. व्हॉट्सॲपचे ‘लिंक्ड डिव्हाइस’, म्हणजे तिचं खातं आणखी कुठे जोडलंय, ते तपासा. आणि ज्यांना ज्यांना तिच्या नंबरवरून फाईल गेली त्या प्रत्येकाला आईने स्वतः फोन करावा, आजच.

---

प्रेषक: अनिकेत, पुंगोल

एवढं करण्यापेक्षा सगळ्या आईवडिलांच्या फोनवर चांगला अँटिव्हायरस टाकून द्यावा ना? नाहीतर सरळ आयफोन?

---

प्रेषक: मिलिंद

अनिकेत, टाकायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नकोस. या टोळ्या तीच फाईल रोज थोडी बदलून पाठवतात. त्यापेक्षा पुढच्या पुण्याच्या फेरीत तुझ्या बाबांच्या फोनवर ‘अनोळखी ॲप स्थापित करा’ ही परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या तिन्हींना बंद कर, प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना बघ, व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद कर.

आयफोनवर एपीके चालत नाही, हे खरं. पण २०२४ मध्ये उघड झालं की थायलंडमध्ये गोल्डपिकॅक्स नावाच्या मालवेअरने (घातक ॲपने) टेस्टफ्लाइट (ॲपलची चाचणीतली ॲप्स वापरून बघायची सोय) आणि ‘प्रोफाइल’ (फोनचा ताबा दुसऱ्याकडे देणारी सेटिंग) यांच्या वाटेने आयफोनवर शिरून लोकांच्या चेहऱ्यांचे व्हिडिओ गोळा केले. कुणी प्रोफाइल इन्स्टॉल करायला सांगितलं की थांबायचं.

---

प्रेषक: शुभदा, क्लेमेंटी

मिलिंद, छान समजावलंस. एक भर घालते. स्मिताच्या आईला कुणी रागावू नका. माझ्या ओळखीत एका आजींनी सुनेच्या धाकाने तीन दिवस सांगितलंच नाही, आणि खातं रिकामं झालं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे आपल्या हलगर्जीने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लपवलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. आईवडिलांना सांगून ठेवा, रात्री दोनला फोन आला तरी आम्ही चिडणार नाही.

शिवाय खरं चलान बघायचं असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकले की दिसतं. त्यासाठी ॲप लागत नाही.

---

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सभासदहो,

या चर्चेवरून कार्यकारिणीने ठरवलंय: दिवाळी कार्यक्रमाची तिकिटं, दिवाळी अंक, आमंत्रण, यांपैकी काहीही मंडळ व्हॉट्सॲपवर फाईल म्हणून पाठवणार नाही. नोंदणी फक्त मंडळाच्या संकेतस्थळावर. मंडळाच्या किंवा माझ्या नावाने एपीके आली तर ती उघडू नका आणि मला फोन करून कळवा, व्हॉट्सॲपवर नको. मिलिंदची मेल सोप्या मराठीत एका पानावर छापून ज्येष्ठांच्या पुढच्या बैठकीत वाटू. भारतात पाठवायला ती प्रत हवी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.