सीआयए विरुद्ध केजीबी: तक्त्यात काय ठेवावं, काय काढावं?

निशाचर: शीतयुद्धातल्या या दोन हेरसंस्थांवर, अमेरिकेची सीआयए आणि सोव्हिएत संघाची केजीबी, दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. मनुष्यबळ, गाजलेली प्रकरणं, पकडलेले हेर असा तक्ता केलाय. मनुष्यबळात केजीबी कैक पटींनी पुढे दिसते. बरोबर आहे का? मूळ कागद कुठे मिळतील?

बहिर्जी_२: मनुष्यबळाची ओळ आधी खोडा. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केजीबीत परदेशातली हेरगिरी, देशातली प्रतिहेरगिरी, १९५७ पासून सीमेवरचे पहारेकरीसुद्धा, असं सगळं एका छपराखाली होतं. १९४७ च्या सीआयएला पोलिसी अधिकारच नव्हते. घरातले हेर पकडायचं काम एफबीआयचं, संदेश फोडायचं १९५२ पासून एनएसएचं. म्हणून सीआयएसमोर केजीबीचं पहिलं मुख्य संचालनालय (परदेशातली हेरगिरी) ठेवा, एफबीआयसमोर दुसरं (प्रतिहेरगिरी). जीआरयू ही सोव्हिएत लष्कराची हेरसंस्था, तिचा रकाना वेगळा. पाश्चात्त्यांना गुपितं पुरवणारा पेन्कोव्स्की जीआरयूचा कर्नल; मराठीत त्याला सर्रास केजीबीत ढकलतात.

घरभेदी: प्रकरणांची नुसती संख्या मोजून हाती काही लागत नाही. प्रत्येकासमोर तीन तारखा लिहा: काम कधी सुरू, फितुरी कधी, उघड कधी. सोव्हिएत दूरध्वनी चोरून ऐकण्यासाठी सीआयए आणि ब्रिटिशांनी खणलेला बर्लिनचा बोगदा घ्या. तारा जोडल्या मे १९५५ मध्ये, बोगदा ‘सापडला’ एप्रिल १९५६ मध्ये. पण ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या जॉर्ज ब्लेकने तो खणण्याआधीच मॉस्कोला कळवला होता. ब्लेकवर संशय येऊ नये म्हणून केजीबी गप्प बसली, आणि तारांवरून खरीच माहिती वाहत राहिली. आता हे यश कोणाच्या रकान्यात टाकणार?

सोव्हिएतांना फितूर झालेला सीआयएचा अधिकारी एम्स, त्याच्याबाबतची गल्लतही टाळा. तो एप्रिल १९८५ मध्ये सोव्हिएत वकिलातीत गेला, पकडला गेला फेब्रुवारी १९९४ मध्ये. पण सीआयएसाठी हेरगिरी करणारा सोव्हिएत रडार अभियंता तोल्काचेव्ह याचं नाव आधी फोडलं ते सीआयएने काढून टाकलेल्या एडवर्ड हॉवर्डने. सगळी पापं एम्सच्या माथी मारू नका.

कोतवाल: एक रकाना वाढवा: आलेल्या माहितीचं पुढे काय झालं? केजीबीची माणसं मिळवण्यातली हातोटी वादातीत, पण वरिष्ठांना नको ते सांगायची सोय नव्हती. १९८१ ची ‘र्यान’ मोहीम बघा. अणुहल्ल्याची चिन्हं शोधा असा हुकूम आला; लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांचे रात्री उजळलेले दिवेसुद्धा मोजायचे होते. विश्वास नसलेले अधिकारीही अहवाल पाठवत राहिले आणि मॉस्कोची भीती त्याच अहवालांवर पोसली गेली.

मूळ कागदांचं म्हणाल तर सीआयएच्या संकेतस्थळावरच्या वाचनकक्षात २०१७ पासून लाखो पानं आहेत. एकाच कागदाच्या वेगवेगळ्या वर्षी खुल्या केलेल्या प्रती शेजारी ठेवा. एकीत काळं केलेलं दुसरीत कधी कधी वाचता येतं. केजीबीच्या दफ्तरखान्यातला अधिकारी मित्रोखिन याचे कागद केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात आहेत, २०१४ पासून खुले. मात्र ती त्याने उतरवलेली टिपणं आहेत, मूळ फायली नव्हेत. दुसऱ्या पुराव्याशिवाय ‘केजीबीच्या फायलीनुसार’ लिहू नका.

निशाचर: आभार! व्हेनोना, म्हणजे सोव्हिएत सांकेतिक संदेश फोडायचं अमेरिकी काम, कुठे घालू?

बहिर्जी_२: तळटीपेत. ते काम १९४३ मध्ये अमेरिकी लष्कराने सुरू केलं, तेव्हा सीआयएही नव्हती नि केजीबीही. सोव्हिएतांनी एकदाच वापरायची सांकेतिक पानं दोनदा छापली, म्हणून फटीत बोट घालता आलं.