विषय: शिकागोच्या माँट्रोज पॉइंटला वॉर्बलर (चिमुकले स्थलांतरी पक्षी) उतरलेत!

नमस्कार मंडळी,
रात्रभर दक्षिणेचा वारा आणि पहाटे पाऊस, म्हणून ऑफिसच्या आधी माँट्रोजला डोकावलो. मॅजिक हेजमध्ये, म्हणजे तिथल्या झुडपांच्या रांगेत, नुसती झुंबड! ब्लॅकबर्नियन वॉर्बलर एरवी शेंड्यावर असतो, बघताना मान अवघडते. आज पठ्ठ्या ओल्या गवतात, माझ्या बुटांपासून दोन हातांवर चिलटं टिपत होता. गळा असा केशरी की दुर्बिणीची गरजच पडली नाही. पाम वॉर्बलर शेपटी खालीवर करत वाटेवरच फिरत होते. यलो-रम्प्ड मात्र आता विरळ, त्यांची गर्दी आधीच होऊन जाते.

---

दादा, मस्तच! मंडळाची सहल येत्या रविवारी ठेवू या का? दहा वाजता, म्हणजे मुलांची झोपही होईल. आणि हे सगळे नेमके तिथेच का उतरतात?

---

> येत्या रविवारी ठेवू या का?

ताई, रविवार धरून बसू नका, वारा बघा. हे पक्षी वसंतात उत्तरेकडे जाताना रात्री उडतात. उजाडताना लेक मिशिगनवर सापडलेले किनाऱ्याकडे वळतात, आणि पाण्यात घुसलेल्या त्या टोकावरची झाडं त्यांना आधी दिसतात. गंमत म्हणजे ते हेज पक्ष्यांसाठी लावलेलंच नाही. शीतयुद्धात तिथे नायकी क्षेपणास्त्रांचा तळ होता, बराकी झाकायला हनीसकलची झुडपं लावली. लष्कर गेलं, झुडपं राहिली, आणि आता पार्कात तीनशेहून जास्त जातींची नोंद आहे.

रात्री उत्तरेचा वारा असला की पक्षी दक्षिणेतच अडकतात. मग रविवारी तीस जण जाऊन रोजचेच रॉबिन बघून परत येणार! बर्डकास्ट या वेबसाइटवर रडारवरून रात्रीचा अंदाज मिळतो. मे महिन्याचा मधला आठवडा मोकळा ठेवा, आदल्या संध्याकाळी मेल टाकतो. आणि दहा नको, सहा. झोप काय, नंतरही होते.

---

डाउनटाउनवाल्यांना एक विनंती: रात्री अकरानंतर दिवे घालवा, निदान पडदे तरी ओढा; उजेडाने पक्षी काचांकडे ओढले जातात. 5 ऑक्टोबर 2023च्या पहाटे मॅकॉर्मिक प्लेस या अधिवेशन केंद्राच्या काचांवर आपटून हजारभर पक्षी गेले. 2024मध्ये तिथे काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली. आपल्या बिल्डिंगांचं काय? मी आमच्या असोसिएशनला लिहितेय, कुणाला मसुदा हवा असेल तर सांगा.

---

मसुदा मला पाठवा. दादा, सहा मान्य, पण मेल आठच्या आत टाका. मुलांना रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, हेही त्यातच लिहा.