न्यूयॉर्कमधील गुन्हे कॉम्पस्टॅटमुळेच घटले का?

प्रश्न
न्यूयॉर्क शहरात १९९० साली २,२०० हून अधिक खून झाले होते. १९९८ मध्ये ही संख्या साडेसहाशेच्या खाली आली. याचे श्रेय १९९४ मध्ये पोलीस आयुक्त झालेल्या विल्यम ब्रॅटन यांच्या ‘कॉम्पस्टॅट’ पद्धतीला दिले जाते. त्यात नेमके काय बदलले, आणि हे श्रेय कितपत खरे आहे?

उत्तर १
बदल मुख्यतः जबाबदारीचा होता. तोवर लाचखोरीचे प्रकरण अंगाशी न येणे यातच ठाणेप्रमुखाचे यश मानले जाई, आणि गुन्ह्यांचे आकडे हाती येईपर्यंत ते शिळे झालेले असत. ब्रॅटन यांचे सहकारी जॅक मेपल यांनी भुयारी रेल्वेच्या पोलीस दलात असताना भिंतीवर नकाशे लावून लूटमारीच्या जागा टिपायला सुरुवात केली होती. तीच कल्पना शहरभर नेण्यात आली. मुख्यालयातील ‘कॉम्पस्टॅट’ बैठकीत ठाणेप्रमुखाला पडद्यावर त्याच्याच हद्दीचा नकाशा दाखवून, अमुक चौकात लागोपाठ लूटमार होत असताना तुम्ही काय केले, असे विचारले जाई. उत्तर नसेल तर चारचौघांत फजिती होई, आणि पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा समोर येई.

उत्तर २
श्रेय थोडे आवरते घ्यावे. खून १९९१ पासूनच कमी होऊ लागले होते, पोलीस भरती वाढवण्याचा निर्णय आधीचे महापौर डिंकिन्स यांच्या काळातला होता, आणि कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात वस्त्यांना सोबत घेणाऱ्या निराळ्या पद्धतीनेही गुन्हे घटले.

उत्तर ३
आकड्यांवर बढती ठरू लागली की आकडेच वाकवले जातात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ८१ व्या प्रिसिंक्टमध्ये (पोलीस ठाण्यात) तक्रारी दडपल्या किंवा सौम्य करून नोंदवल्या गेल्याचे खात्याच्याच चौकशीत आढळले. आपल्याकडे पोलीस यालाच ‘बर्किंग’ म्हणतात. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून लिहून घेणारे ठाणे इथल्या वाचकाला नवे नाही. म्हणून मी खुनांच्या आकड्यावरच भिस्त ठेवतो, कारण प्रेत दडवणे अवघड असते. शिवाय २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवण्याचे ६,८५,००० हून अधिक प्रसंग नोंदले गेले, आणि अडवलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिनो होते. २०१३ मध्ये न्यायालयाने ती कार्यपद्धती घटनाबाह्य ठरवली, अडवणूक झपाट्याने कमी झाली, तरीही २०१७ मध्ये खून तीनशेच्या आतच राहिले. नकाशा आणि जाब विचारणे जरूर घ्यावे. मात्र नोंदी तपासणारे पथक आयुक्तांच्या हाताखाली ठेवू नये.