मदत हवी आहे : लाइट जाऊन आली की कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग हार्डडिस्कवर जात नाही

कातळवाडी
गणपतीला घर भरतं, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. देवगडजवळ घर आहे, चार कॅमेरे आहेत. रेकॉर्डिंग घरच्या नेटवर्कवरच हार्डडिस्कमध्ये ठेवायचं आहे. क्लाउड नको, दर महिन्याला पैसे भरायचे नाहीत. सगळं जोडलेलं आहे आणि चालतंही, पण लाइट जाऊन आली की कॅमेऱ्यात डिस्क 'ऑफलाइन' दिसते. शिवाय चारपैकी एकाच कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग नीट मिळतं. डिस्क ४ टीबीची आहे, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. कुठलं सेटिंग बदलू तेवढं सांगा.

पोफळी
कॅमेरे वायरवर की वायफायवर? डिस्क कशाला लावली आहे : राउटरला, पीसीला की नॅसला (नेटवर्कवर डिस्क देणाऱ्या डब्याला)? डिस्कचा फॉरमॅट कोणता? कॅमेरा स्वतः फाइल पाठवतो की मध्ये काही आहे? एवढं कळल्याशिवाय सेटिंग सांगता येणार नाही.

खाडीकाठ
चार कॅमेऱ्यांना चार चॅनलचा पीओई एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा तयार डबा) घ्या आणि मोकळे व्हा. त्याच्या मागच्या पोर्टवर कॅमेऱ्यांचं वेगळं नेटवर्क असतं, त्यामुळे राउटर बंद पडला तरी रेकॉर्डिंग थांबत नाही. एका केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही, १०० मीटरपर्यंत. डिस्क मात्र सर्व्हेलन्सचीच टाका.

कातळवाडी
एनव्हीआर नको, डिस्क आधीच घेतलेली आहे. दोन कॅमेरे वायरवर, दोन वायफायवर. डिस्क राउटरच्या यूएसबीला. कॅमेऱ्यात 'नॅस'चा पर्याय आहे, तिथे चौघांनाही एकच फोल्डर दिला आहे.

बांधावरून
तां सगळा बरोबर, पण डिस्क छोटी की मोठी? वेगळो अडॅप्टर आसा काय तिका?

कातळवाडी
छोटी, अडीच इंची. अडॅप्टर नाही. फॉरमॅट एनटीएफएस (विंडोजचा).

पोफळी
मग दोन वेगळे बिघाड आहेत, एकत्र धरू नका.

पहिला, एकाच फोल्डरचा. कॅमेऱ्यात नॅस जोडल्यावर 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' करावं लागतं. त्या वेळी बरेच कॅमेरे शेअरमधली सगळी मोकळी जागा आपल्या नावावर करून ठेवतात. राउटरची डिस्क पीसीला लावून बघा : एकसारख्या आकाराच्या फाइलींची रांग दिसेल आणि रेकॉर्डिंग थोडंच असलं तरी डिस्क भरलेली दिसेल. पहिल्या कॅमेऱ्याने जागा अडवली, बाकी तिघांना उरली नाही. प्रत्येकाला स्वतंत्र शेअर (नेटवर्कवरचा फोल्डर) आणि त्यावर कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, हवा. नॅसवर तो लावता येतो. घरगुती राउटरवर सहसा नाही, तिथे डिस्कचे चार पार्टिशन करा आणि राउटर ते वेगवेगळे दाखवतो का ते तपासा.

दुसरा, लाइटचा. वीज अचानक गेली की एनटीएफएस डिस्क नीट बंद न झाल्याची खूण तशीच राहते. राउटर आतून लिनक्सवर चालतो. तो अशी डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती जोडतो, किंवा जोडतच नाही. मग कॅमेरा लिहायला जातो आणि 'ऑफलाइन' दाखवतो. डिस्क विंडोजला लावून 'चेकडिस्क' चालवा, त्या वेळेपुरती ठीक होईल. कायमचा उपाय म्हणजे ईएक्सटी४ हा लिनक्सचा फॉरमॅट, राउटर ते घेत असेल तर. एफएटी३२ करू नका, तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही.

बांधावरून
अडॅप्टर म्हणून विचारलंय ते ह्यासाठी : यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीॲम्पिअरचा धरलेला, यूएसबी ३ पोर्ट ९००. फिरायला लागताना छोटी डिस्क त्याहून जास्त ओढते. राउटर जुना असेल तर डिस्क 'टिक टिक' करून बंद पडते. वेगळ्या अडॅप्टरचा यूएसबी हब लावून बघा. लाइट आल्यावरच असं होतंय म्हणजे सुरुवातीचा झटका हे कारण असू शकतं.

सुपारीबाग
ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : कॅमेरा फाइल 'ढकलतो' आहे. लाइट आल्यावर कॅमेरा आधी उठतो, राउटर आणि डिस्क मागून. काही कॅमेरे पुन्हा जोडायचा प्रयत्न करतात, काही करत नाहीत. उलट करा. घरात जुना पीसी असेल तर त्यावर लिनक्स टाका आणि त्याला कॅमेऱ्यांकडून आरटीएसपीने (थेट व्हिडिओ देण्याची पद्धत), पोर्ट ५५४, व्हिडिओ 'ओढू' द्या. फ्रिगेट हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम तुटलेली जोडणी स्वतः पुन्हा लावतो. नुसतं एफएफएमपेग (व्हिडिओ साठवणारा साधा प्रोग्राम) वापरलं तर ते सर्व्हिस म्हणून चालवून आपोआप रीस्टार्ट लावा. व्हिडिओ 'कॉपी' ठेवा, पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे जुन्या प्रोसेसरवरही भार येत नाही. १० मिनिटांचे तुकडे आणि फाइल एमकेव्ही. साध्या एमपी४ची सूची फाइल बंद होताना लिहिली जाते, मधेच लाइट गेली तर तो तुकडा उघडतच नाही.

खाडीकाठ
घरची माणसं वयस्कर असतील तर लिनक्स कोण बघणार? एनव्हीआर चालू केला की झालं.

सुपारीबाग
एनव्हीआरची डिस्क काढून पीसीला लावली की बहुतेकदा वाचता येत नाही, फॉरमॅट कंपनीचा असतो. पोलिसांना फुटेज द्यायचं असेल तर त्याच डब्यातून बाहेर काढावं लागतं. एमकेव्ही फाइल व्हीएलसी असलेल्या कुठल्याही पीसीवर चालते.

खाडीकाठ
एनव्हीआरमधूनही पेनड्राइव्हवर 'बॅकअप' निघतो. त्यासाठी पीसी चोवीस तास चालू ठेवायची गरज नाही.

पोफळी
दोघांचंही बरोबर, पण कातळवाडींनी 'जागेचा प्रश्न नाही' म्हटलंय तो हिशोब करा. कॅमेऱ्याच्या एमबीपीएसला (सेकंदाला किती डेटा येतो त्या आकड्याला) १०.८ ने गुणलं की दिवसाचे जीबी मिळतात. कॅमेरा ४ एमबीपीएसवर असेल तर दिवसाला ४३ जीबी, चार कॅमेरे १७३ जीबी. ४ टीबी तेवीस दिवसांत भरते. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबणारी पद्धत) करून २ एमबीपीएसवर आणलं तर दीड महिना जातो.

कातळवाडी
मोशनवर, म्हणजे हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, असं ठेवलं तर? सध्या चोवीस तास चालू आहे.

पोफळी
पावसाळ्यात मोशनने जागा फारशी वाचत नाही. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात पावसाचे थेंब पांढरे चमकतात, वाऱ्यात माडाच्या झावळ्या हलतात, आणि कॅमेरा सतत 'हालचाल' नोंदवत राहतो. फाटक आणि पायरी एवढाच चौकोन निवडा किंवा माणूस ओळखणारा पर्याय असेल तर तो लावा.

अंगणतुळस
ह्याच धाग्यावर विचारते, माकडं कॅमेरा ओढून काढतात त्यावर काही उपाय? आमच्याकडे नारळाच्या झाडावरून थेट पागोळीवर उतरतात.

बांधावरून
गोल डोम प्रकारचा लावा, बुलेट नको, त्याला धरायला जागा असते. आणि भोकातून वायर आत घेताना खाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी वायरवरून आत उतरत नाही. किनाऱ्याजवळ नेटवर्क केबलचे आरजे४५ जोड हिरवे पडतात, डायलेक्ट्रिक ग्रीस आणि बंद डबी दोन्ही लागतं. लेन्सपुढचं कोळ्याचं जाळंही पंधरा दिवसांनी काढा, रात्री तेवढंच दिसतं.

खाडीकाठ
आणि बाहेरच्या तांब्याच्या केबलमधून वीज कोसळल्यावर पोर्ट जळतात. अंगणातला कॅमेरा फायबर (काचेची केबल) आणि तिला जोडणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरवरून आत आणा, सर्ज प्रोटेक्टरला चांगलं अर्थिंग असेल तरच उपयोग. डिस्क माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा, खाली नको. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कातळवाडी
जुना आय३ पीसी आहे. त्यालाच डिस्क लावतो. इन्व्हर्टर आहे घरी. वायफायचे दोन कॅमेरे मधेमधे तुटतात ते तसेच राहणार का?

सुपारीबाग
चिऱ्याची भिंत असेल तर वायफायचं काही खरं नाही. दोन्हींना केबल टाका. तोवर त्या दोन्हींत मेमरी कार्ड ठेवा. पीसीसाठी ही कामं क्रमाने करा : बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर चालू व्हा' हा पर्याय चालू करा, नाहीतर लाइट आली तरी पीसी बंदच राहील. कॅमेऱ्यांना राउटरमध्ये कायमचे पत्ते राखून द्या, एकाचा पत्ता बदलला तर त्याचं रेकॉर्डिंग बंद पडतं. डिस्क ईएक्सटी४ करून यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) जोडा, 'नोफेल' लिहा म्हणजे डिस्क नसली तरी पीसी सुरू होतो. आणि डिस्क जोडलेली नसेल तर रेकॉर्डिंग सुरूच होऊ नये अशी अट घाला. नाहीतर सगळं रेकॉर्डिंग सिस्टमच्या डिस्कवर जाऊन तीच भरेल.

पोफळी
त्यात घड्याळ जोडा. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत घड्याळाला बॅटरी नसते. लाइट आली पण नेट आलं नाही तर तारीख १९७० सारखी जुनी दाखवते. पीसीवरच वेळेची सेवा, क्रोनी, चालू ठेवा आणि कॅमेऱ्यांना एनटीपी (वेळ विचारायचा) पत्ता म्हणून पीसीचा द्या. इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवा, साध्या मोडवर लाइट जाता-येता पीसी रीस्टार्ट होतो. आणि सगळं झाल्यावर मेन स्विच दोनदा बंद करून बघा : एकदा इन्व्हर्टर चालू ठेवून, एकदा इन्व्हर्टरही बंद करून. चारही कॅमेऱ्यांच्या नव्या फाइली दहा मिनिटांत दिसल्या तर गणपतीपर्यंत हात लावू नका.