ड्राय फिल्मवर ०.२ मिमीचे ट्रॅक टिकत नाहीत

प्रश्न:
नेगेटिव्ह ड्राय फिल्म (उजेड पडेल तिथे कडक होणारी पातळ फिल्म) तांब्याच्या बोर्डावर लावून घरी पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, करतोय. ३९५ नॅनोमीटरचे यूव्ही एलईडी, बोर्डापासून १० सेंमी वर. आर्टवर्क (ट्रॅकचा नकाशा) लेझर प्रिंटरने ट्रान्स्परन्सीवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, काढलेलं, दाबायला ५ मिमी अ‍ॅक्रिलिक. ०.५ मिमीचे ट्रॅक (तांब्याच्या वाटा) स्वच्छ येतात. ०.२ मिमीचे मात्र ९० सेकंद एक्स्पोजर (उजेड) दिलं तर डेव्हलपरमध्ये (कडक न झालेली फिल्म धुऊन काढणारं द्रावण) उचलून येतात, आणि तीन मिनिटं दिलं तर ट्रॅकमधल्या फटींतली फिल्म निघतच नाही. नेमकी वेळ कशी काढायची?

उत्तर १:
वेळेआधी आर्टवर्क तपासा. ते उजेडासमोर धरा: काळा भाग करडा दिसत असेल, बारीक छिद्रं चमकत असतील, तर टोनरमधून यूव्ही आत शिरतोय. मग ट्रॅक पक्के होईपर्यंत फटीही कडक होतात, आणि कुठलीही वेळ दिली तरी एक बाजू बिघडणारच. दोन प्रती एकावर एक जुळवून चिकटवा.

दुसरं, टोनरची बाजू खाली, फिल्मला टेकलेली हवी. म्हणजे आर्टवर्क आरशातल्यासारखं उलटं छापावं लागेल. टोनर वर राहिला तर शीटच्या जाडीइतकं अंतर पडतं आणि उजेड तिरका घुसून कडा पसरतात. अ‍ॅक्रिलिक काढून साधी ३ मिमी काच ठेवा. यूव्ही रोखणारं अ‍ॅक्रिलिक बरंच मिळतं, शिवाय ते मधे वाकतं.

हे झालं की वेळ काढा. चाचणीच्या तुकड्यावर ०.१५, ०.२, ०.३ मिमीच्या रेघा आणि तेवढ्याच फटी घ्या, पुठ्ठ्याने झाकून दर २० सेकंदांनी एकेक पट्टी उघडत जा. ज्या पट्टीत बारीक रेघ आणि बारीक फट दोन्ही शाबूत, ती तुमची वेळ. एलईडी किंवा अंतर बदललं की चाचणी पुन्हा.

उत्तर २:
उचलून येण्यामागे चिकटण्याचाही दोष असतो. तांबं बारीक स्कॉचब्राइटने घासून धुवा. पाण्याचा पापुद्रा न फुटता सलग पसरला तर तेलकटपणा गेला. फिल्मचा आतला मऊ पापुद्रा काढून ती लावा, सुमारे ११० अंशांच्या लॅमिनेटरमधून दोन-तीनदा फिरवा. वरचा कडक पापुद्रा डेव्हलप करायच्या वेळीच काढायचा, आणि एक्स्पोजरनंतर बोर्ड १५ मिनिटं अंधारात ठेवायचा.

डेव्हलपर म्हणजे धुण्याचा सोडा, लिटरला १० ग्रॅम, पाणी ३० अंशांच्या आसपास. खाण्याचा सोडा चालत नाही. मऊ ब्रश हलका फिरवा. फटींत तांबं गुलाबी, उघडं दिसायला हवं. निळसर झाक राहिली तर तिथे तांबं खाणारं फेरिक क्लोराइड पोचत नाही. द्रावण फार कडक किंवा गरम झालं तर पक्की फिल्मही फुगते. शेवटी उरलेली फिल्म २-३ टक्के कॉस्टिक सोड्यात सुटते. त्याला हातमोजे आणि चष्मा लागतातच, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही.

प्रश्नकर्ता:
आभार. दोन प्रती जुळवल्या तर एका टोकाला बसतात, दुसऱ्या टोकाला किंचित सरकतात.

उत्तर १:
फ्यूजरच्या (टोनर वितळवून चिकटवणारा प्रिंटरचा गरम भाग) उष्णतेने शीट थोडी आकसते, आणि उभी-आडवी सारखी आकसत नाही. कोरी शीट आधी एकदा प्रिंटरमधून काढून घ्या, मग दोन्ही प्रती एकाच दिशेने छापा. चारही कोपऱ्यांत अधिक (+) चिन्हाच्या खुणा ठेवा, भिंगाखाली जुळवा आणि एकाच कडेला टेप लावा.