ब्राउझरच्या 'विंडो' ऑब्जेक्टला जोडलेली लायब्ररी इम्पोर्ट करताच पडते

खानापूरकर:
मंडळी, पावतीवरचे देवनागरी अंक कन्नड अंकांत बदलणारी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. युनिकोडमध्ये दोन्हींत नेमकं ८९६ चं अंतर, त्यामुळं आत फारसं काही नाही. स्क्रिप्ट टॅगनं घातली की चालते. व्हीटच्या (वेब प्रोजेक्ट चालवायचं, बांधायचं साधन) प्रोजेक्टात सोर्स फोल्डरमधून इम्पोर्ट केली की 'धिस' अनडिफाइन्ड म्हणून पडते. शेवटच्या ओळीत फंक्शनला 'धिस' पाठवलाय आणि आत 'रूट.अंक' ला जोडलंय. काय बदलू, सांगा की.

टिळकवाडी:
ईएस मॉड्यूलमध्ये (इम्पोर्ट-एक्सपोर्टवाली फाइल) सगळ्यात बाहेरचा 'धिस' अनडिफाइन्डच असतो. नोडच्या कॉमनजेएसमध्ये (रिक्वायरवाली जुनी पद्धत) तोच 'धिस' म्हणजे मॉड्यूल.एक्सपोर्ट्स, म्हणून तिथं योगायोगानं चालून जातं. 'धिस' च्या जागी 'ग्लोबलधिस' (सगळीकडं मिळणारा ग्लोबल ऑब्जेक्ट) घातलात तर एरर जाईल, पण इम्पोर्टच्या हाती काहीच लागणार नाही. यूएमडीचं, म्हणजे एकच फाइल सगळ्या पद्धतींत चालवणारं, वेष्टण घाला: आधी डिफाइन.एएमडी (रिक्वायरजेएससारख्या लोडरची खूण) तपासा, मग मॉड्यूल.एक्सपोर्ट्स, दोन्ही नसतील तरच ग्लोबल. डिफाइनला नाव देऊ नका. रिक्वायरजेएस फाइलच्या वाटेवरून नाव ठरवतो. तुम्ही वेगळं दिलंत तर मॉड्यूल सापडत नाही.

निपाणीकर:
वरचं बरोबर आहे, पण ब्राउझरनं थेट ईएस मॉड्यूल म्हणून वाचली तर यूएमडी फाइलमध्ये एक्सपोर्ट नसतोच. व्हीटमध्ये अडतंय ते तिथंच. मूळ कोड 'एक्सपोर्ट' नं लिहा आणि रोलअप या बंडलरकडून तीन फाइली काढून घ्या: इम्पोर्टसाठी एमजेएस, रिक्वायरसाठी सीजेएस (कॉमनजेएस) आणि स्क्रिप्ट टॅगसाठी यूएमडी. यूएमडीला आउटपुट.नेम (ग्लोबलवर दिसणारं नाव) द्यायला विसरू नका.

मग पॅकेज.जेसनमध्ये 'एक्सपोर्ट्स', म्हणजे कुणाला कुठली फाइल द्यायची त्याची यादी. यात क्रमच सगळं ठरवतो: वरून खाली वाचत जातात आणि जुळलेली पहिली वाट घेतात. टाइप्स (टाइपस्क्रिप्टसाठी) सगळ्यात वर, मग इम्पोर्ट, रिक्वायर, आणि डिफॉल्ट अगदी शेवटी. डिफॉल्ट वर गेला की खालचं कुणी बघत नाही. आणि 'एक्सपोर्ट्स' लिहिलात की त्यात नसलेल्या वाटा बंद होतात. कुणी डिस्टमधली (तयार फाइलींचं फोल्डर) फाइल थेट मागवत असेल तर ती वाटही लिहा.

खानापूरकर:
निवडलेली लिपी लायब्ररीतच एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो. चालेल?

निपाणीकर:
नोडमध्ये नाही चालणार. एका ठिकाणी इम्पोर्ट, दुसरीकडं रिक्वायर झालं की दोन प्रती चढतात. एकीत कन्नड निवडलेलं दुसरीला कळत नाही. लिपी फंक्शनलाच पाठवा. नोड २२.१२ च्या पुढचंच वापरणार असाल तर रिक्वायर ईएस मॉड्यूलही उचलतो, सीजेएस काढून टाका. फक्त सगळ्यात बाहेर 'अवेट' नको.

पब्लिश करण्याआधी 'एनपीएम पॅक' ड्राय-रन लावून चालवा आणि तिन्ही फाइली यादीत दिसतात का बघा.